'गरज' हा शब्द कुठे गेला? अरब देशांच्या नागरी कायद्यामागची सामाजिक दृष्टी

इजिप्तच्या नागरी संहितेतलं १२९ वं कलम आणि इराकच्या संहितेतलं १२५ वं कलम शेजारी ठेवून वाचा. दोन्हींचा विषय एकच आहे: समोरच्याचा दुबळेपणा हेरून कुणी त्याच्याकडून डोईजड करार करून घेतला, तर न्यायालयाने काय करायचं? दोन्हींमागचं डोकंही एकाच माणसाचं, इजिप्तचे कायदेपंडित अब्दुर्रज्जाक अस-सन्हूरी यांचं. इराकी कलम दुबळेपणाचे पाच प्रकार मोजतं: गरज, उतावळेपणा, आसक्ती, अननुभव आणि कमी समज. इजिप्तच्या कलमात त्यातले दोनच उरले आहेत: उघड दिसणारा उतावळेपणा आणि अनावर आसक्ती. 'गरज' तिथे नाही. इजिप्तच्या मूळ मसुद्यात ती होती, मंजुरीच्या वाटेवर गळाली.

अरब जगात विसाव्या शतकात नागरी कायदे लिहिले गेले, तेव्हा नेमकं काय साधायचं होतं आणि कुठे तडजोड झाली, हे या एका शब्दाच्या मागे लागलं की बरंच उलगडतं.

आधी संहिता म्हणजे काय

नागरी संहिता म्हणजे माणसामाणसांतल्या खाजगी व्यवहारांचा एकच सलग कायदा: करार, कर्ज, भाडं, खरेदी-विक्री, नुकसानभरपाई, मालकी, गहाण. भारतात बहुतेक ठिकाणी हे विषय वेगवेगळ्या कायद्यांत विखुरले आहेत. कराराचा कायदा १८७२ चा, मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा. गोव्याच्या वाचकांना मात्र संहिता ही गोष्ट परकी नाही, १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची कुटुंब आणि वारसाविषयीची कलमं तिथे अजून चालतात. अरब संहितांचं याच्या बरोबर उलट आहे. लग्न, तलाक, वारसा हे विषय त्यांनी बहुतेक बाहेर, धर्माधारित कायद्याकडे ठेवले. त्यामुळे या संहितांतला 'सामाजिक' प्रश्न पैशाचा, जमिनीचा, पाण्याचा आणि शेजाराचा आहे.

उस्मानी साम्राज्याने १८६९ ते १८७६ या काळात 'मजल्ला' नावाची संहिता तयार केली. हनफी पंथाच्या फिक्हवर, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्रावर उभी, १८५१ कलमांची, सुरुवातीला सूत्रवजा नियम. इराक, सीरिया, पॅलेस्टाईन, जॉर्डन इथे ती पुढे कित्येक दशकं चालली. इजिप्तने ती घेतली नाही. तिथे १८७५ मध्ये परदेशी लोकांचे खटले चालवणाऱ्या मिश्र न्यायालयांसाठी एक संहिता आली आणि १८८३ मध्ये देशी न्यायालयांसाठी दुसरी. दोन्ही १८०४ च्या फ्रेंच संहितेवरून घाईने उतरवलेल्या.

त्या फ्रेंच संहितेचं गृहीतक असं, की करार करणारी दोन माणसं बरोबरीची आहेत. दोघांनी विचार करून सही केली, तर न्यायालयाने त्यात हात घालायचा नाही. नाईलच्या खोऱ्यातल्या फेल्लाहला, म्हणजे तिथल्या कष्टकरी शेतकऱ्याला, हे गृहीतक महागात पडलं. कापसाच्या पिकावर कर्ज काढायचं, भाव पडला की जमीन लिलावात जायची, आणि कागद कायदेशीर असल्यामुळे न्यायाधीशाला करण्यासारखं काही नसायचं. १९१२ मध्ये पाच फेद्दानपर्यंतच्या शेतजमिनीवर जप्ती आणता येणार नाही असा वेगळा कायदा करावा लागला (एक फेद्दान म्हणजे एका एकराहून किंचित जास्त). आजार सगळ्या अंगात आणि मलम एका बोटाला, अशातली ती गत होती.

घाई कशाची होती

१९३७ च्या माँत्रू करारात परदेशी नागरिकांच्या खास सवलती संपवायचं ठरलं. मिश्र न्यायालयांना बारा वर्षांची मुदत मिळाली, ती १४ ऑक्टोबर १९४९ ला संपत होती. तोवर इजिप्तकडे सगळ्यांना लागू होईल असा एकच, स्वतःचा कायदा तयार हवा होता. १९३८ मध्ये हे काम सन्हूरी आणि त्यांचे फ्रान्समधले गुरू एदुआर लांबेर या दोघांकडे आलं. १९४२ मध्ये मसुदा पुरा झाला. १९४८ चा १३१ क्रमांकाचा कायदा म्हणून ११४९ कलमांची संहिता मंजूर झाली आणि १५ ऑक्टोबर १९४९ ला अंमलात आली. जुनी न्यायालयं संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी.

सन्हूरी १८९५ चे, अलेक्झांड्रियाचे. ल्योंला शिकले. त्यांचा १९२५ चा प्रबंध कामगाराच्या काम करण्याच्या स्वातंत्र्यावर करारातून येणाऱ्या बंधनांविषयी होता, म्हणजे 'सही केली ना, मग भोगा' या तत्त्वाला मर्यादा कुठे घालायची हा प्रश्न त्यांनी तरुणपणीच हाती घेतला होता. ल्योंमध्येच शिकवणारे लुई जोसराँ हक्काच्या दुरुपयोगाचा सिद्धान्त मांडत होते. हे सगळं घेऊन सन्हूरी परतले आणि त्यांच्या ध्यानात आलं, की यातलं बरंचसं फिक्हमध्ये आधीच आहे. मजल्लाचं १९ वं कलम एका ओळीचं आहे: इजा करू नये, आणि इजेला इजेने उत्तर देऊ नये.

त्यांनी तीन ठिकाणांहून साहित्य घेतलं: इजिप्तच्या न्यायालयांचे तोवरचे निवाडे, त्या काळच्या निरनिराळ्या आधुनिक संहिता आणि शरीयत. पहिल्याच कलमात न्यायाधीशाने कुठे बघायचं याचा क्रम दिला आहे. आधी कायद्याचा मजकूर, तो नसेल तर रूढी, तीही नसेल तर इस्लामी शरीयतची तत्त्वं, आणि शेवटी नैसर्गिक न्याय.

या संहितेने श्रीमंताची जमीन काढून गरिबाला दिली नाही, आणि ती अपेक्षा तिच्याकडून करणंही चूक आहे. तिने न्यायाधीशाच्या हाती मोजक्या किल्ल्या दिल्या. करार आहे तसा उभा राहतो, पण ठराविक परिस्थितीत न्यायाधीशाला त्याचं ओझं कमी करता येतं. आणि यातल्या कळीच्या किल्ल्या करारातल्या कलमाने काढून घेता येत नाहीत. 'मी हा हक्क सोडत आहे' असं लिहून घेतलं, तरी ते वाक्य रद्दबातल. कायद्याच्या मजकुरातली ही बारीकशी पुस्ती नसती, तर प्रत्येक सावकाराने, प्रत्येक कंपनीने ते वाक्य छापूनच घेतलं असतं आणि बाकीची कलमं कागदावर राहिली असती.

पहिली किल्ली: आभाळ फाटलं तर

१४७ व्या कलमाचं पहिलं पोटकलम जुनंच सांगतं: करार हाच दोघांसाठी कायदा. दुसरं पोटकलम नवं आहे: अकल्पित संकटाने करार फार जड झाला, तर न्यायाधीश त्याचं ओझं कमी करू शकतो. त्यामागे १९३३ च्या पोलिश कायद्यासारखे नमुने होते. इजिप्तच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने १९३२ मध्ये, कायद्यात आधार नाही म्हणून, हीच सवलत नाकारली होती. संहितेने तो आधार पुरवला. अटी चार:

कराराची पूर्तता पुढे व्हायची असली पाहिजे. हातोहात संपलेला सौदा इथे बसत नाही. मध्ये घडलेली घटना असाधारण आणि सार्वत्रिक हवी, म्हणजे युद्ध, भूकंप, साथ, टोळधाड. एकट्या कर्जदाराचं दिवाळं, त्याचा आजार, त्याच्याच गोठ्याला लागलेली आग चालत नाही. घटना आधी कल्पनेत येण्यासारखी नसावी. कापसावर दरवर्षी थोडीफार येणारी अळी ही काही अकल्पित गोष्ट नव्हे. आणि पूर्तता अशक्य झालेली नसावी, पण ती करताना माणूस भयंकर तोट्यात जाईल इतकी जड झालेली असावी. अशक्यच झाली तर नियम वेगळा, तिथे करारच संपतो.

न्यायाधीश मग काय करतो, ते आकड्यात पाहू. समजा एका व्यापाऱ्याने गव्हाचं पोतं १०० रुपयांनी सहा महिन्यांनंतर देण्याचं कबूल केलं. मध्ये युद्ध पेटलं, भाव २०० झाला. बाजारात भाव २० रुपयांनी वरखाली होणं नेहमीचं, ते व्यापाऱ्याने सोसायचं, तो त्याचा धंदा आहे. १२० च्या वर जे ८० राहिले, ती असाधारण वाढ. ती दोघांत विभागली तर ४० व्यापाऱ्याचे, ४० घेणाऱ्याचे. पोत्याचा नवा भाव १४०. घेणाऱ्याला वाढीव भाव परवडत नसेल तर त्याला सौदा मोडण्याची मोकळीक द्यावी, असं भाष्यकार म्हणतात. निम्मे-निम्मेच करायचं असं कलमात कुठे लिहिलेलं नाही. 'दोघांचं हित तोलून वाजवी मर्यादेपर्यंत' एवढेच शब्द आहेत. न्यायाधीश भाव वाढवू शकतो, पोत्यांची संख्या कमी करू शकतो किंवा काही काळ पुरवठा थांबवू शकतो. व्यापाऱ्याच्या मागणीवरून करार पार मोडून टाकणं मात्र त्याच्या अधिकारात नाही.

भारतीय वाचकाला हे वेगळं वाटेल, कारण आपल्या कराराच्या कायद्याचं ५६ वं कलम दोनच वाटा देतं: पूर्तता अशक्य झाली तर करार शून्य, नाहीतर तो जसाच्या तसा पाळा. भाव चढले, खर्च वाढला, ही सबब आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये नाकारली.

१४७ व्या कलमाची मोठी परीक्षा लगेचच झाली. सप्टेंबर १९५२ मध्ये जमीनसुधारणा कायदा आला, धारणेवर २०० फेद्दानची मर्यादा आली, खंडावर बंधनं आली आणि जमिनीचे भाव कोसळले. ज्यांनी आधीच्या चढ्या भावाने हप्त्यांवर जमीन घेतली होती, ते अडकले. सरकारनेच केलेला कायदा 'असाधारण घटना' होऊ शकतो का? न्यायालयांनी होकार दिला आणि उरलेल्या हप्त्यांचं ओझं हलकं करण्याचा मार्ग मोकळा झाला.

शेतीच्या खंडासाठी याहून सोपी सोय ६१५ आणि ६१६ व्या कलमांत आहे. आवाक्याबाहेरच्या कारणाने पेरणीच झाली नाही किंवा बियाणं मेलं, तर कुळाला खंड पूर्ण किंवा अंशतः माफ. कापणीआधी उभं पीक गेलं, तर खंडमाफी मागता येते. काही भाग गेला आणि उत्पन्न बरंच घटलं, तर खंड त्या प्रमाणात कमी. पण पट्ट्याच्या एकूण मुदतीतल्या नफ्यातून किंवा विम्यातून ते नुकसान भरून निघालं असेल, तर माफी नाही. कुळाची बाजू घेतानाही जमीनमालकाच्या पदरात अन्याय पडू नये, ही काळजी इथे दिसते.

दुसरी किल्ली: अडलेल्याला नाडणं

आता १२९ व्या कलमाकडे. इथे दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. पहिली, देणं आणि घेणं यांत डोळ्यांत भरणारी तफावत. किती, याचा आकडा नाही. दुसरी, ही तफावत पडली ती समोरच्याने आपल्या उतावळेपणाचा किंवा आसक्तीचा फायदा उठवला म्हणूनच. पुस्तकांतलं ठरलेलं उदाहरण असं: म्हाताऱ्या नवऱ्याने तरुण बायकोच्या मोहात सगळी इस्टेट तिच्या नावे केली. वारशाने अचानक पैसा हाती आलेल्या आणि तो उधळत सुटलेल्या पोराकडून कवडीमोलाने घर लिहून घेणं, हे दुसरं.

न्यायाधीश करार रद्द करू शकतो किंवा नाडल्या गेलेल्याचं देणं कमी करू शकतो. समोरच्याला करार वाचवायचा असेल, तर तो स्वतःहून भरपाई देऊ करू शकतो; ती न्यायाधीशाला पुरेशी वाटली की करार टिकतो. दावा मात्र कराराच्या तारखेपासून एका वर्षात दाखल व्हायला हवा. फसगत लक्षात आल्यापासून हे वर्ष मोजत नाहीत, सही झाल्यापासून मोजतात. आणि आसक्तीत सापडलेल्या माणसाचे डोळे वर्षभरात उघडतातच असं नाही. बरेचसे दावे इथेच मरतात.

'गरज' का गळाली? संसदेतली भीती अशी, की गरज कुणाला नसते? प्रत्येक विकणारा 'मी अडलो होतो' म्हणत न्यायालयात आला, तर कुठलाच सौदा टिकणार नाही. भीती निराधार नव्हती. तरी माझ्या मते हा निर्णय चुकला, कारण तफावत डोळ्यांत भरणारी हवी आणि समोरच्याने तिचा फायदा उठवल्याचं सिद्ध व्हायला हवं, हे दोन अडसर आधीच होते. गरज काढून टाकल्यावर हे कलम घरंदाज कुटुंबांतल्या इस्टेटीच्या भांडणांना जास्त उपयोगी राहिलं, आणि बियाण्यासाठी अडलेल्या फेल्लाहला कमी.

इराकने ती चूक टाळली. इराकी संहिता १९५१ ची (४० क्रमांकाचा कायदा), १९५३ पासून लागू. सन्हूरी १९३५-३६ मध्ये बगदादच्या कायदा महाविद्यालयाचे प्रमुख होते, तेव्हापासून त्यांचा तिच्याशी संबंध. इराकमध्ये मजल्ला चालू होती म्हणून इथे फिक्हचा वाटा मोठा आहे. १२५ वं कलम नाडलं गेलेल्याला 'ओझं वाजवी मर्यादेपर्यंत उतरवा' अशी मागणी करू देतं. मुदत इथेही एक वर्षच.

अज्ञानाची, म्हणजे सज्ञान न झालेल्याची, जमीन विकली असेल तर इजिप्तमध्ये वेगळा आणि रोखठोक नियम आहे, तिथे दुबळेपणा सिद्ध करायची गरजच नाही. जमिनीची खरी किंमत दहा लाख असेल आणि ती सात लाखांना गेली, तर तोटा एक पंचमांशाहून जास्त झाला. खरेदीदाराने किंमत चार पंचमांशापर्यंत, म्हणजे आठ लाखांपर्यंत आणून द्यायची. लिलावातल्या विक्रीला हा नियम नाही.

छापील करार

वीज, पाणी, रेल्वे, टेलिफोन, विमा यांच्या छापील अटींवर घासाघीस होत नाही. सही करा, नाहीतर अंधारात बसा. अरबीत अशा कराराच्या नावातच शरण जाण्याचा अर्थ आहे. १४९ वं कलम न्यायाधीशाला त्यातल्या जाचक अटी बदलण्याची किंवा ग्राहकाला त्यांतून मोकळं करण्याची मुभा देतं, आणि ही मुभा काढून घेणारी अट रद्दबातल ठरवतं. १५१ वं कलम सांगतं, की अशा करारातला संदिग्ध मजकूर सही करणाऱ्याच्या विरोधात लावायचा नाही.

विम्यापुरतं ७५० वं कलम आणखी खोलात जातं. हक्क बुडवणारी अट ठळक, नजरेत भरेल अशी छापलेली नसेल तर ती लागूच होत नाही. लवादाचं कलम पॉलिसीच्या सर्वसाधारण छापील अटींत दडवलं असेल तर रद्द. ते वेगळ्या करारनाम्यात हवं. ज्याने कधी पॉलिसीची मागची बाजू भिंग लावून वाचली आहे, त्याला याचं मोल सांगायला नको.

यात अडतं कुठे? न्यायालयांनी शरणागतीच्या कराराच्या तीन अटी घट्ट धरल्या: वस्तू जीवनावश्यक हवी, पुरवणाऱ्याची मक्तेदारी किंवा जवळपास तशी स्थिती हवी, आणि अटी सगळ्यांना सारख्याच हव्यात. मोटारगाडी घेताना केलेला छापील करार कितीही एकतर्फी असला तरी बाजारात दहा विक्रेते आहेत म्हटल्यावर तो यात बसत नाही.

कर्ज, व्याज आणि एक ओळखीचा नियम

सगळ्यात नाजूक विषय व्याजाचा. शरीयतमध्ये रिबा, म्हणजे व्याज, निषिद्ध, आणि अर्थव्यवस्था बँकांवर चाललेली. सन्हूरींनी व्याज ठेवलं, पण चारी बाजूंनी बांधून ठेवलं. दर ठरलेला नसेल तर देणं थकल्यावर नागरी व्यवहारात ४ टक्के आणि व्यापारी व्यवहारात ५ टक्के. करारात ठरवलं तरी ७ टक्क्यांच्या वर नाही. जास्त लिहिलं असेल तर ७ वर आणायचं आणि घेतलेलं जादा परत करायचं. दलाली, सेवाशुल्क, 'खर्चापोटी' अशा नावांनी जे उकळलं जातं, त्यामागे खरी सेवा नसेल तर तेही लपवलेलं व्याजच धरायचं. हे शेवटचं वाक्य लिहिणाऱ्याला सावकारी आतून माहीत होती.

आणि २३२ वं कलम: व्याजावर व्याज नाही, आणि एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये. मराठी माणूस याला दामदुपट म्हणतो. हिंदू विधीतला हा नियम मुंबई इलाख्यातली न्यायालयं लावत असत. कैरोने तो आपल्याकडून घेतला असं नाही, पण सावकारी जिथे जिथे माजली तिथे माणसांना तीच रेषा सुचली. योगायोगाने १८७५ हे साल दोन्हीकडे महत्त्वाचं आहे. तिकडे फ्रेंच वळणाची संहिता आली, त्याच वर्षी पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली. त्यानंतरच्या १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायाधीशाला कर्जरोख्याच्या मागे जाऊन मूळ हिशेब तपासायचा अधिकार दिला. कागदापलीकडे बघण्याची किल्ली न्यायाधीशाच्या हाती देणं, हाच तो विचार.

मुदतखरेदीलाही संहितेने दार बंद केलं. पैसे घेताना जमीन 'विकून' टाकायची, आणि ठरल्या मुदतीत पैसे परत केले तर ती परत मिळायची. दिसायला विक्री, आतून सावकाराचं गहाण, आणि मुदत टळली की पंधरा आण्यांची जमीन चार आण्यांत गिळंकृत. ४६५ वं कलम अशी विक्री सरळ निरर्थक ठरवतं. १०५२ वं कलम त्याचीच जोडगोळी आहे: कर्ज थकलं तर गहाण वस्तू आपोआप धनकोची होईल, अशी अट चालत नाही.

कर्जदाराची नियत साफ असेल आणि धनकोचं फार बिघडणार नसेल, तर ३४६ व्या कलमाखाली न्यायाधीश हप्ते किंवा मुदतवाढ देऊ शकतो. ही अपवादात्मक सवलत आहे, हक्क नव्हे.

पुढे या बांधाला दोन बाजूंनी तडे गेले. १९७५ पासून इजिप्तच्या मध्यवर्ती बँकेला संहितेच्या मर्यादेपलीकडे बँकांचे दर ठरवायची परवानगी मिळाली, म्हणजे ७ टक्क्यांची भिंत उरली ती मुख्यतः खाजगी उसनवारीपुरती. दुसऱ्या बाजूने शरीयतचा आग्रह. १९४८ मध्ये सिनेटपुढे न्यायाधीश हसन अल-हुदैबी यांनी (पुढे ते मुस्लिम ब्रदरहूडचे प्रमुख झाले) कायदा कुराण आणि सुन्नत (पैगंबरांची आचारपरंपरा) यांवरच उभा हवा अशी भूमिका घेतली होती. १९८० मध्ये राज्यघटनेत शरीयतची तत्त्वं कायद्याचा मुख्य स्रोत ठरली आणि व्याजाच्या २२६ व्या कलमाला आव्हान मिळालं. मे १९८५ मध्ये सर्वोच्च घटनात्मक न्यायालयाने ती घटनादुरुस्ती पुढच्या कायद्यांना लागू होते, आधीच्या नाही, असं म्हणून कलम वाचवलं. कुवेतने मात्र १९८० च्या आपल्या नागरी संहितेत व्याजाचा करार निरर्थक ठरवला आणि व्यापारी कायद्यात तो चालू ठेवला.

भिंत, खिडकी, पाट

मालकीच्या व्याख्येत मूळ मसुद्याने एक अट घातली होती: मालकाचा वापर मालकीच्या 'सामाजिक कार्याशी' सुसंगत हवा. हे शब्दही 'गरजे'च्याच वाटेने गेले. पण इथे कारण वेगळं दिलं गेलं, की ही भाषा पाठ्यपुस्तकाची आहे, विचार प्रत्यक्ष नियमांत दिसला की पुरे. आणि इथे ते खरंच पुरलं.

पाचवं कलम पहा. हक्क वापरणं बेकायदा ठरतं ते तीन वेळा: निव्वळ दुसऱ्याला त्रास द्यायचा हेतू असेल तर, माझा फायदा चिमूटभर आणि त्याचं नुकसान डोंगराएवढं असेल तर, किंवा जो फायदा साधायचा तोच अवैध असेल तर. शेजाऱ्याचा उजेड अडवायला म्हणून बांधलेली भिंत पहिल्या खणात पडते.

८१८ वं कलम तर भिंतीविषयीच आहे. माझ्या हद्दीवर भिंत बांध, असा आग्रह शेजाऱ्याला धरता येत नाही. पण माझ्या भिंतीने त्याचीही जागा बंदिस्त होत असेल, तर सबळ कारणाशिवाय मी ती पाडू शकत नाही. भिंत माझीच, तरी तिच्यावर त्याचा निवारा टेकलेला आहे. समोरासमोर डोकावणारी खिडकी हद्दीपासून एक मीटरच्या आत नको, तिरकी असेल तर अर्धा मीटर. माणसाच्या उंचीच्या वर असलेल्या झरोक्याला अंतराची अट नाही, कारण तो उजेडासाठी असतो, डोकावण्यासाठी नाही. पिठाच्या गिरणीचा किंवा कारखान्याचा त्रास नेहमीच्या शेजाराच्या पलीकडे गेला तर ८०७ व्या कलमाखाली तो थांबवता येतो, आणि 'माझ्याकडे परवाना आहे' हे उत्तर तिथे चालत नाही.

पाण्याचं असं: स्वतःच्या खर्चाने पाट काढला तर पहिला हक्क त्याचाच. त्याची गरज भागली, की शेजारची शेतं त्याच पाटाचं पाणी घेऊ शकतात, बांधणीच्या आणि डागडुजीच्या खर्चातला आपला वाटा उचलून. आणि लांबच्या शेताला पाणी न्यायचं असेल, तर मधल्या शेताच्या मालकाला ते आपल्या जमिनीतून जाऊ द्यावंच लागतं. वाजवी भरपाई घेऊन.

हक्कशुफा, म्हणजे सहहिस्सेदाराचा किंवा शेजाऱ्याचा पहिल्या खरेदीचा हक्क, फिक्हमधून आला आणि संहितेने तो राखला, पण कडक मुदतींत कोंबून. विक्रीची अधिकृत सूचना मिळाल्यापासून १५ दिवसांत आपला इरादा कळवायचा. तो कळवल्यापासून ३० दिवसांत विक्रीची सगळी किंमत न्यायालयाच्या खजिन्यात भरायची आणि त्याच मुदतीत विकणारा व घेणारा या दोघांवरही दावा लावायचा. एक दिवस चुकला, रक्कम थोडी कमी पडली, की हक्क गेला. विक्रीची नोंद होऊन चार महिने उलटले तरीही गेला. लिलावातल्या आणि जवळच्या नातलगांतल्या विक्रीला तो लागू नाही. दस्तात किंमत फुगवून लिहून शेजाऱ्याला घाबरवणं ही इथली जुनी युक्ती.

पुढचे वारस

इजिप्तची संहिता सीरियाने १९४९ मध्येच उचलली, लिबियाने काही वर्षांत. जॉर्डन (१९७६) आणि संयुक्त अरब अमिरात (१९८५) यांनी फिक्हकडे जास्त कल ठेवला. त्यांच्याकडे नुकसानभरपाईचा नियम 'चूक कुणाची' असं आधी विचारतच नाही: इजा झाली तर ती करणाऱ्याने भरून द्यायची, तो अजाण असला तरी. इजिप्तमध्ये चूक सिद्ध करावी लागते, आणि अजाण बालकाकडून किंवा वेड्याकडून नुकसान झालं तर भरपाई देणारं दुसरं कुणी नसतानाच न्यायाधीश दोन्ही पक्षांची ऐपत बघून काहीतरी देववतो.

सौदी अरेबियाने इतकी दशकं संहितेशिवाय काढली. २०२३ मध्ये तिथे नागरी व्यवहारांचा कायदा आला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये लागू झाला. आखातात नोकरी-धंद्याला गेलेल्या मराठी माणसाने त्यातली दोन कलमं माहीत ठेवावीत. ९७ वं कलम असाधारण परिस्थितीचं. इथे न्यायालयात धावण्याआधी समोरच्याला विनाविलंब वाटाघाटीला बोलवायची पायरी आहे. आणि ६८ वं कलम नाडणुकीचं. त्यात दुबळेपणाची दोनच रूपं आहेत: उघड दिसणारा कमकुवतपणा, आणि निकडीची गरज.

कैरोने १९४८ मध्ये गाळलेला शब्द रियाधच्या कायद्यात आहे. शिवाय इथे न्यायाधीश नाडल्या गेलेल्याचं देणं कमी करू शकतो तसं समोरच्याचं देणं वाढवूही शकतो. अडून स्वस्तात विकलेल्या माणसाला हाच उपाय हवा असतो. दावा लावायची मुदत मात्र एका वर्षावरून १८० दिवसांवर आली आहे, आणि ती इथेही सहीच्या तारखेपासून मोजतात.